आवडीचे नाव

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताच्या औषधाची आणि लशींची नोंद ठेवण्यासाठी जे पिवळे पत्रक मिळते, त्यावर पहिला रकाना जनावराच्या नावाचा असतो. जात, रंग, लिंग, वय, मालकाचे नाव आणि पत्ता हा बाकीचा तपशील त्याच्या खाली येतो. आमच्या घरी आलेल्या पिलाचे पत्रक तयार करताना तेथील कर्मचाऱ्याने खालचे सारे रकाने झरझर भरून टाकले, देशी, तांबूस, मादी, अंदाजे दीड महिना, आणि मग वरच्या रकान्याशी लेखणी थांबवून विचारले, "नाव काय लावू?" जमिनीच्या दप्तरात, सातबाराच्या उताऱ्यावर ज्या अर्थाने नाव लावतात त्याच अर्थाने त्याने ते क्रियापद वापरले होते, नाव एकदा लागले की वहिवाट, हक्क आणि जबाबदारी ही त्याच्या मागोमाग रुजू होतात. नाव अजून ठरलेले नाही असे मी सांगितल्यावर त्याने त्या जागी एक आडवी रेघ ओढली आणि "पुढच्या खेपेस आठवणीने सांगा," म्हणून पत्रक माझ्या हाती दिले. ती रेघ पुढचे तीन आठवडे माझ्या मनातून हलली नाही.

वाईला मृगाचा पाऊस लागला की कृष्णेचे पाणी गढूळ होऊन घाटाच्या खालच्या पायऱ्या एकेक करून झाकू लागते. अशाच एका पहाटे घाटाकडे उतरताना खताचे एक रिकामे पोते, तोंड सुतळीने आवळलेले, भिंतीच्या कडेला पडलेले दिसले. आत तीन पिले होती आणि तिन्ही माद्या होत्या. दोन गार झालेल्या होत्या. तिसरीचे पोट मात्र अगदी मंद, वर-खाली होत होते. तिला खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून घरी आणले आणि कापसाची वात दुधात बुडवून ती तिच्या तोंडाशी धरली, तेव्हा बऱ्याच वेळाने तिने ती चोखली. श्वन् या शब्दाची यास्काचार्यांनी जी निर्वचने दिली आहेत त्यांत एक शीघ्र गमनाचे आहे, एक केवळ गमनाचे आहे आणि एक श्वस् म्हणजे श्वास घेणे या धातूपासून साधलेले आहे. हे शेवटचे निर्वचन विद्यार्थीदशेत मला ओढून आणल्यासारखे वाटे, कारण श्वास कोणता प्राणी घेत नाही? त्या रात्री मात्र चुलीजवळच्या फडक्यावर पडलेल्या त्या जिवाच्या बोटाएवढ्या फासळ्या उठताना आणि बसताना पाहत मी दोन वाजेपर्यंत बसलो होतो, आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे तेवढे एकच सत्य त्या वेळी माझ्यापाशी होते: ती श्वास घेत होती.

पोत्यात तिन्ही माद्याच का होत्या, हे आमच्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कुत्रा पाळावा, कुत्री पाळू नये, असा रिवाजच आहे. कारण ती वर्षातून दोनदा माजावर येते, दाराशी गावातील कुत्र्यांची झुंबड उडते, आणि मग सहा-सात पिलांची निरवानिरव कोणी करावयाची हा प्रश्न पडतो. म्हणून व्याली की नर ठेवून घेतात आणि माद्या बाजाराच्या टोकाला, ओढ्याच्या काठी, पुलाखाली सोडून देतात. ज्यांच्यात सोडण्याइतकीही दया नसते ते सुतळी वापरतात. शस्त्रक्रियेने हा प्रश्न सुटतो हे आता सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही पोती सापडतात.

या जातीसाठी आपल्या भाषेने मुळात शब्द तरी किती खर्च केले आहेत! जवळ बोलवायचे तर 'यू यू', अंगावर सोडायचे तर 'छू' आणि घालवून द्यायचे तर 'हाड'. एवढ्या तीन ध्वनींत गावकुत्र्याचा माणसाशी असलेला सगळा व्यवहार आटोपतो, आणि त्यांतही तिसराच बहुधा त्याच्या वाट्याला येतो. मादीची स्थिती त्याहून हीन, कारण तिच्या जातीचा जो साधा, कोशातला शब्द तो एखाद्या स्त्रीला उद्देशून उच्चारला की शिवी होतो. म्हणजे केवळ असणे हाच जिचा दोष, अशी ती एकटी. अशा प्राण्याला नाव देणे हे त्या तीन ध्वनींच्या आणि त्या एका शिवीच्या बाहेर काढून त्याला भाषेत निराळी जागा देणे आहे. आपल्या मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने माणूस जगात येतो आणि दुसऱ्याने जगातून उठतो. जिला जन्मतःच जगाने नावे ठेवली होती तिचे आता नाव ठेवायचे होते, आणि ते काम मला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ जड निघाले.

घरात सूचनांना तोटा नव्हता. माझ्या मुलाने 'लायका' सुचविले. 3 नोव्हेंबर 1957 रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक-2 मधून पृथ्वीभोवती फिरावयास पाठविलेली ती कुत्री मॉस्कोच्या रस्त्यावरचीच होती, बेवारशीच होती आणि मादीच होती, म्हणून हे नाव आमच्या पिलाला शोभेल, असे त्याचे म्हणणे. परंतु त्या कथेतील एक गोष्ट मला सलते. तिला प्रारंभी कुद्र्याव्का, म्हणजे कुरळ्या केसांची, असे एक लाडके नाव होते; पुढे जगाला सांगावयाचे नाव लायका, म्हणजे नुसती भुंकणारी, असे झाले. जिला परत आणण्याची तजवीज त्या यानात मुळीच केलेली नव्हती तिचे लाडके नावही तिच्याबरोबर वर गेले नाही. भुंकणारी या अगदी क्षुल्लक अर्थाच्या नावात तिच्या मरणाने केवढा अर्थ येऊन बसला हे खरे. पण तो अर्थ आपल्या अंगणात रोज हाक मारून आणावा असे मला वाटेना.

माझ्या मनात पहिल्या दिवसापासून 'सरमा' होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकशे आठवे सूक्त आहे. अकराच ऋचा, आणि सगळे सूक्त म्हणजे एक संवाद. पणींनी गाई चोरून दूर खडकात दडवून ठेवल्या आहेत, आणि त्यांचा माग काढीत, रसा नावाची दुस्तर नदी ओलांडून, इंद्राची दूती सरमा एकटीच त्यांच्यासमोर उभी राहिली आहे. पणी आधी विचारतात की एवढ्या लांबच्या वाटेने तू कशासाठी आलीस. मग इंद्राशीही सख्य करण्याची भाषा बोलतात. मग आपल्या शस्त्रांचा धाक दाखवितात. आणि काहीच चालत नाही असे पाहून शेवटी म्हणतात की परत जाऊ नकोस, आम्ही तुला बहीण मानतो, गाईंतला वाटा देतो. ती उत्तर देते की भावाबहिणीचे नाते मला माहीत नाही, ते इंद्र जाणे आणि अंगिरस जाणोत. सूक्तामध्ये तिला कुत्री म्हटलेले नाही, ती केवळ दूती आहे. देवशुनी ही तिची ओळख निरुक्तात आणि पुढच्या परंपरेत स्पष्ट होते, आणि तिच्या नावाचा उगम यास्क सृ धातूत, म्हणजे जाण्यात, पाहतात. जी निघाली, पोहोचली, भुलली नाही आणि परतली, ती सरमा. एका मादीसाठी याहून थोर नाव संस्कृत वाङ्मयात शोधूनही सापडणार नाही, असे मला वाटे.

परंतु बृहद्देवतेमध्ये हीच कथा निराळ्या वळणाने येते. तेथे सरमा पणींकडचे दूध पिते, परत येऊन गाई दिसल्या नाहीत असे इंद्राला सांगते, इंद्र क्रोधाने तिला लाथ मारतो, प्यालेले दूध ती ओकते, आणि भेदरून पुन्हा पणींकडे धावते तेव्हा त्या मागावरून इंद्र तेथे पोहोचतो. दोन कथांपैकी खरी कोणती, हा प्रश्न विद्वानांचा. मला दिसली ती गोष्ट अशी की दोन्हींत सरमेची किंमत तिने बजावलेल्या कामगिरीवर ठरते. कामगिरी चोख बजावली तर ती वंद्य, दुधाच्या वाटीपाशी पाय घसरला तर लाथ. आमच्या घरी आलेले दीड महिन्याचे पिल्लू दुधाच्या वाटीत पुढचे दोन्ही पाय घालून उभे राहत असे. तिच्यावर जन्मभराची नोकरी नावातूनच लादण्याचा अधिकार मला कोणी दिला?

तरीही सरमेचा मोह सुटला नाही, आणि त्याचे कारण एक शब्द. संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात. सारमेय म्हणजे सरमेचे अपत्य. हे मातृनाम आहे. यमाच्या वाटेवर राखणीस बसलेले चार डोळ्यांचे दोन श्वान श्याम आणि शबल हेही सारमेयच. म्हणजे ज्या देशात मादी पिले पोत्यात बांधून टाकतात त्याच देशाच्या देववाणीत अखिल श्वानजात एका मादीच्या नावाने ओळखली जाते. महाभारताचा विस्तीर्ण व्याप उघडतो तोही या आईपाशीच. आदिपर्वाच्या प्रारंभी कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता एक सारमेय तेथे येतो, राजाचे तिघे भाऊ त्याला मारतात, आणि तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. पोर सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही आणि चाटलेही नाही. मग सरमा त्या सत्रात जाऊन जाब विचारते. उत्तर कोणीच देत नाही, आणि ती जनमेजयाला शाप देते की तुझ्यावर अदृष्ट असे भय येईल. ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाशी, महाप्रस्थानिक पर्वात, हस्तिनापुरापासून मागे आलेला एक कुत्रा हिमालयात धर्मराजाजवळ उरतो, आणि रथ घेऊन आलेला इंद्र, जो एके काळी सरमेचा धनी होता तोच इंद्र, स्वर्गात कुत्र्यासह येणाऱ्यांना स्थान नाही असे सांगतो. धर्मराज एकट्याने रथात चढत नाही. या दोन कुत्र्यांपैकी एकालाही नाव नाही, ही गोष्ट मला पूर्वी कधी खटकली नव्हती. पहिला आईच्या नावाने ओळखला जातो. दुसरा तर अखेरीस धर्म होता असे कळते, पण एवढ्या वाटचालीत त्याला कोणी कशाने हाक मारली, हे व्यासांनी सांगितलेले नाही.

इतक्यात माझ्या पत्नीच्या तोंडून 'गौरी' हे नाव ऐकून शेजारच्या शास्त्रीबुवांनी हरकत घेतली. वयाने आणि व्यासंगाने ते मला वडील, तेव्हा त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकून घेतले. गाईला गंगा म्हणावे, गौरी म्हणावे, कपिला म्हणावे; कुत्रीला देवतेचे नाव देऊन ते उंबऱ्याबाहेर, उष्ट्याखरकट्यापाशी उच्चारणे हा नामापराध, असे ते म्हणाले. या प्रश्नाला सहज उडवून लावता येत नाही. एकीकडे दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान आहेत आणि ते चार वेद होत असे आपण भक्तिभावाने मानतो. जेजुरीच्या खंडेरायाबरोबर कुत्रा आहे आणि त्याचा वाघ्या त्या कुत्र्याचीच भूमिका अंगी बाणवून देवासमोर भुंकतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा पोराटोरांना ठाऊक आहे. इतकेच कशाला, ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्ताने आपल्या तिन्ही पुत्रांची नावे, शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल, कुत्र्यावरून ठेवली, आणि ज्या शौनकांचे नाव बृहद्देवतेशी जोडले जाते त्यांच्या नावाच्या मुळाशीही शुनक म्हणजे कुत्राच आहे. ऋषींना श्वानाचे नाव चालले, मग श्वानाला देवाचे का चालू नये? भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाने मरतेवेळी आपल्या धाकट्या मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि तेवढ्याने विष्णुदूत धावून आले. तेव्हा संकेताने दुसऱ्या कोणाला उद्देशून घेतलेले नावही तारक, हा तर भागवताचाच सिद्धान्त आहे.

हे सारे मी शास्त्रीबुवांपुढे मांडले, आणि मांडून झाल्यावर माझ्या लक्षात आले की वादात मी जिंकलो तरी नाव मी ठेवणार नाही. अजामिळाने पोराचे नाव नारायण ठेवताना सुटकेचा हिशेब केला नव्हता. मी तो डोळसपणे करू लागलो, कुत्रीला हाक मारता मारता आपलेही पुण्य साठेल असे म्हणू लागलो, तर त्या मुक्या जिवाला मी जपमाळेचा मणी केले असे होईल. आणि दुसरी अडचण अशी की जोडे कुरतडताना, अंथरूण ओले करताना तिच्यावर ओरडावे लागणारच. त्या वेळी ज्या स्वरात ते नाव तोंडातून निघेल त्या स्वरात मला देवतेचे नाव ऐकायचे नाही. शास्त्रीबुवांचा मुद्दा कुत्रीच्या अपवित्रतेचा होता. माझा मुद्दा माझ्या जिभेचा आहे.

नावाला मुळात अर्थ असतो तो कोठून येतो, यावर आपल्याकडच्या शास्त्रकारांनी जितका सूक्ष्म विचार केला आहे तितका फार थोड्या विषयांवर केला असेल. शब्दाची प्रवृत्ती चार प्रकारची, जातीवरून, गुणावरून, क्रियेवरून आणि चौथी यदृच्छेवरून, असे महाभाष्यात सांगितले आहे. आणि डित्थ, डवित्थ ही त्या चौथ्या प्रकारची ठरीव उदाहरणे, ज्यांना कोणी ठेवले एवढाच आधार. नैयायिक त्याही पुढे जातात. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा हा ईश्वराचा संकेत हीच शब्दाची शक्ती, असे प्राचीनांचे मत. मग काल-परवा बापाने मुलाला ठेवलेल्या नावात शक्ती आहे की नाही? विश्वनाथ पंचाननाच्या मुक्तावलीत याचे उत्तर मोठे मनोहर आहे: ठराविक दिवशी पित्याने नाव ठेवावे असा विधी आहेच, म्हणून ती ईश्वराचीच इच्छा, आणि म्हणून त्या नावातही शक्ती आहे. एका विधीच्या सनदेने पृथ्वीवरच्या सर्व नवजात मुलांची नावे ईश्वराच्या दप्तरात दाखल होतात. कुत्रीच्या पिलाला मात्र असा विधी नाही. तिचे बारसे कोणत्याही गृह्यसूत्राने सांगितलेले नाही. तेव्हा तिच्या नावामागे ईश्वरसंकेत नाही, धातू नाही, शास्त्र नाही. आहे तो केवळ हाक मारणाऱ्याचा शब्द. माणसाचे नाव मोठेपणी त्याला स्वतःला उलगडते, त्याचा अर्थ तो कोशात पाहू शकतो, आवडले नाही तर अर्ज करून बदलूनही घेऊ शकतो. तिला अर्थ कधीच कळणार नाही. तिला कळेल तो स्वर, ती वेळ, आणि हाकेनंतर पुढे येणारा हात भाकरीचा आहे की काठीचा. म्हणून कुत्रीच्या नावाचा अर्थ नावात शोधणे व्यर्थ आहे. ते नाव ही ठेवणाऱ्याने लिहून दिलेली कबुलायत आहे, आणि तिच्यावर सही एकाच पक्षाची आहे.

एवढे कळले तरी रकाना रिकामाच होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाची लक्षणे सांगितली आहेत: सुखाने उच्चारता येणारे, क्रूर नसलेले, अर्थ उघड असलेले, मनाला आवडणारे, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद सुचविणारे. पारस्करांच्या गृह्यसूत्रात अक्षरे विषम असावीत असे म्हटले आहे. मनुस्मृतीच्याच तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावे असलेली कन्या वरू नये असे येते, आणि त्याने आमच्या कृष्णेचेही नाव बाद होते. पंचांगातील योनिविचारात आर्द्रा आणि मूळ या दोन नक्षत्रांची योनी श्वान मानलेली आहे. पिल्लू भिजलेले सापडले होते, आर्द्रेचा पाऊसही तोंडावर आला होता, म्हणून दोन दिवस आर्द्रा हे नाव माझ्या मनात घोळले. पण ते नाव मला माझ्या विद्वत्तेचे वाटू लागले. तिचे काही त्यात नव्हते.

याच सातारा जिल्ह्यात मुलींना नकुशा म्हणण्याची चाल होती. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकोशी, नकुशा ठेवायचे. म्हणजे पुढे मुलगी होत नाही अशी समजूत. ते नाव शाळेच्या हजेरीत लागे, शिधापत्रिकेवर लागे, आणि ती मुलगी हजेरीच्या वेळी आपण नको आहोत असे रोज उभी राहून कबूल करी. 2011 सालच्या ऑक्टोबरात सातारा येथे शासकीय समारंभात 280 हून अधिक नकुशांना नवी नावे देण्यात आली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचल्याचे मला आठवते. आणि हेही आठवते की घरात ती मोठ्याने वाचून दाखविताना माझी आत्या सुपातील तांदूळ निवडायची थांबली होती. त्या वेळी तिने काही विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिचे नाव इंदिरा. आम्ही सर्वांनी, कागदपत्रांनी आणि बँकेच्या पासबुकाने तिला याच नावाने ओळखले आहे. दवाखान्याची पुढची तारीख दोन दिवसांवर आली असता रात्री पुन्हा नावाचा विषय निघाला, आणि मी माझ्या साऱ्या चिंतनाचा सारांश माजघरात बसून सांगत होतो, तेव्हा ती भिंतीला टेकून ऐकत होती. पिल्लू तिच्या लुगड्याच्या घोळात झोपले होते. मध्येच ती म्हणाली, "अरे, ठेवशील ते नाव पुन्हा बदलणार नाहीस ना? तसं असेल तरच ठेव."

मी म्हणालो, "आत्या, नाव कशाला बदलेन?"

"बदलतात," ती म्हणाली. मग जरा थांबून, पदराने डोळ्यांचा चष्मा पुसत तिने सांगितले की पंधराव्या वर्षी लग्न झाले त्या संध्याकाळी तबकात तांदूळ पसरून आणला होता, अंगठीने त्यावर इंदिरा असे लिहिले गेले, सगळ्यांना साखर वाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्या नावाने हाक मारली तेव्हा ती तीन हाकांपर्यंत हललीच नाही, कारण कोणाला बोलावताहेत हे तिला कळले नाही. त्यावरून बोलणी बसली. "आधीचं नाव आवडी होतं माझं. माझ्या आजीनं ठेवलेलं. तुझे आजोबा-आजी, तुझे वडील म्हणायचे. तुझे वडील गेले तेव्हापासून कोणी म्हणत नाही." आणि मग, पिलाच्या कानामागे बोट फिरवीत, मला विचारीत नसून केवळ सांगत असल्यासारखी, "हिला दे ते. मोकळंच पडलंय."

बृहदारण्यकात आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की मनुष्य मेल्यावर त्याला काय सोडून जात नाही, आणि याज्ञवल्क्य उत्तर देतात, नाम. हा प्रश्नोत्तराचा भाग मी अनेक वर्षे शिकविला आहे. माणूस जिवंत असताना त्याचे नाव त्याला सोडून गेले तर काय, हे आर्तभागाने विचारले नाही. त्याला विचारावयाचे सुचलेही नसते; तबकातला तांदूळ पुरुषाचे नाव बदलण्यासाठी कधी पसरला गेला नाही.

मी नको म्हणालो. माणसाचे नाव, तेही आपल्या आत्याचे, कुत्रीला द्यायचे याने माझे मन दचकले. शास्त्रीबुवांशी वाद घालताना जे मला सुचले होते त्यातले काही माझ्या मदतीस आले नाही. पत्नी गप्प होती. आत्याने हट्ट धरला नाही, पण विषयही सोडला नाही. एवढेच म्हणाली की तुला त्या नावानं तिला हाड म्हणता यायचं नाही, हेच बरं आहे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण तीन आठवडे मी जे ग्रंथांत शोधीत होतो ते हेच होते. आवडी: सुखाने उच्चारता येते, अर्थ उघड आहे, मंगल आहे, शेवट दीर्घ आहे, अक्षरे तीन आहेत. इंदिरा हे लक्ष्मीचे नाव त्याहून कितीतरी भारदस्त. पण ते कोशातून आले होते, आणि हे एका आजीच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने स्वतः पिलाला मांडीवर घेतले, त्याच्या दुमडलेल्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात करतात तसे, कुर्रर्र केले आणि ते नाव तीनदा उच्चारले. पिलाने तिचे नाक चाटले. दवाखान्यातील कर्मचाऱ्याने रेघेच्या वर जागा नव्हती म्हणून रेघेवरच ठळक अक्षरांत ते लिहिले आणि विचारले, "आवडी म्हणजे ऱ्हस्व का दीर्घ?" मी म्हणालो, दीर्घ.

तिला नाव ओळखीचे व्हायला दहा-बारा दिवस लागले. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मी अंगणात उभा राहून हाक मारतो; ती पारिजातकाच्या आळ्यातून, तोंडाला माती लागलेली अशी, कान मागे टाकून धावत येते. आणि माजघरात, दाराकडे पाठ करून वाती वळीत बसलेली आत्या अजूनही प्रत्येक वेळी मान वळवून पाहते.